व्हिक्टोरियन कादंबरीतली ‘परिपूर्ण लेडी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी कादंबऱ्यांवर मराठीत लिहायला लागल्यापासून एका बाईबद्दलचे प्रश्न माझ्याकडे येतच राहिले आहेत. ती शांत, सोज्वळ, कधी आवाज न चढवणारी. कोणी एम.ए.चा पेपर जवळ आल्यावर विचारतं, कोणी मालिका बघून, कोणी लेकीच्या हातात ‘जेन एअर’ दिल्यावर. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड मागाहून. कथानकं मात्र लपवलेली नाहीत, तेव्हा एखादी कादंबरी वाचायची राहिली असेल तर तेवढं उत्तर सोडून पुढे जा.

१. ‘परिपूर्ण लेडी’ म्हणजे नक्की कोण? श्रीमंत बाई की चांगली बाई?

दोन्ही, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच आहे. ‘लेडी’ हा मुळात उमरावांच्या घरातला किताब. राणी व्हिक्टोरियाच्या काळात (१८३७ ते १९०१) गिरण्या, व्यापार, रेल्वे यांत पैसा कमावलेला मध्यमवर्ग वर आला आणि त्याने हा शब्द आपल्या बायका-मुलींसाठी घेतला. घराण्याचा किताब नाही, पिढीजात जमीन नाही, मग लेडी ठरायची कशावरून? वागण्यावरून. आवाज हळू, राग गिळलेला, देवाधर्मावर श्रद्धा, चारित्र्य निष्कलंक, स्वतःसाठी काही न मागणं. शिवाय एक अट, जी गुणांच्या यादीत क्वचितच यायची: पैशासाठी काम करायचं नाही.

म्हणजे गुण सांगितले मनाचे, पण ते सांभाळायला घरात निदान एक मोलकरीण ठेवण्याची ऐपत हवी. १८३९ साली सेरा स्टिकनी एलिस यांनी ‘द विमेन ऑफ इंग्लंड’ हे उपदेशाचं पुस्तक लिहिलं, तेही याच मध्यमवर्गातल्या बायकांसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाईचे कष्ट कोणाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत, हे या आदर्शाच्या मुळाशी आहे. चांगल्या कादंबरीकारांना ते पक्कं ठाऊक होतं. खालची बरीच उत्तरं फिरून याच जागी येतात.

२. ‘घरातली देवदूत’ हे नाव कुठून आलं?

कॉव्हेन्ट्री पॅटमोर या कवीच्या दीर्घकाव्यावरून. पहिला भाग १८५४ साली आला, पुढचे भाग १८६२ पर्यंत येत राहिले. काव्यामागची प्रेरणा होती त्याची पहिली पत्नी एमिली. ती १८६२ साली वारली. सुरुवातीला या काव्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, पण त्याचं शीर्षक पुढे सगळ्या काळाला चिकटलं.

आज आपल्याला हे नाव माहीत आहे ते जास्त करून व्हर्जिनिया वुल्फमुळे. १९३१ साली नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांपुढे बोलताना तिने सांगितलं की, लिहायला बसलं की ही देवदूत खांद्यामागे येऊन उभी राहायची आणि पुरुषाच्या पुस्तकाबद्दल गोडच लिही म्हणून कानात कुजबुजायची. शेवटी वुल्फने शाईची दौत फेकून तिला मारलं, आणि तरी ती सहजी मरेना. या देवदूताचं वर्णन करताना वुल्फ जेवणाच्या टेबलावर येते: कोंबडी शिजली तर तंगडी हिच्या वाट्याला, आणि खोलीत गार वारा शिरत असेल तर बसायची जागाही तिथेच. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं वाढून घेणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

३. कादंबरीत ही बाई ओळखायची कशी? काही ठरलेल्या खुणा आहेत का?

आहेत. मधोमध भांग पाडून चापून बसवलेले केस, हातात शिवण, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणं, चटकन लाजणं. पण माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे किल्ल्या.

डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८४९-५०) डेव्हिड पहिल्यांदा ॲग्नेस विकफील्डला पाहतो तेव्हा ती लहान मुलगी आहे, आणि तिच्या कमरेशी छोटीशी टोपली लटकते आहे. टोपलीत घरच्या किल्ल्या. डेव्हिडला ती चर्चच्या खिडकीतल्या रंगीत काचेसारखी वाटते. पण आई नसलेल्या घराचा कारभार ही पोर चालवते आहे, आणि बाप हळूहळू दारूच्या आहारी चालला आहे, हेही डिकन्स त्याच घरात दाखवतो.

डेव्हिड मात्र आधी लग्न करतो डोराशी. तिलाही किल्ल्यांची टोपली हवी असते. कमरेला बांधून ती घरभर किणकिणत फिरते, पण ज्या कपाटांच्या त्या किल्ल्या, ती उघडीच टाकलेली. शेवटी किल्ल्या होतात जिप कुत्र्याचं खेळणं. स्वयंपाकाचं पुस्तक आणून दिलं, तर त्यावर जिपला उभं करायला शिकवते. डोरा गोड आहे, प्रेमळ आहे, आणि संसारात पार हरलेली आहे. मुलीला नुसतं शोभेचं म्हणून वाढवलं की काय होतं, ते इथे दिसतं.

‘ब्लीक हाउस’मध्ये (१८५२-५३) एस्थर समरसन नव्या घरात पाऊल टाकते त्याच संध्याकाळी मोलकरीण तिच्या हातात किल्ल्यांचे दोन जुडगे ठेवते. एस्थर बावरते. पण मग आयुष्यात काही टोचलं की ती किल्ल्या हलवून आवाज करते आणि स्वतःलाच कर्तव्याची आठवण देते. तिसऱ्या एका घरातल्या किल्ल्या नवऱ्याने हिसकावून घेतल्या, ती हकीकत प्रश्न ७ मध्ये.

४. घरात नोकर असताना लेडीला दिवसभर काम तरी काय होतं?

भरपूर. फक्त त्याला काम म्हणत नसत.

इझाबेला बीटन यांचं ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ १८६१ साली पुस्तकरूपात आलं. पहिल्याच प्रकरणात घरधनिणीची तुलना सेनापतीशी केली आहे. कोणत्या मिळकतीत किती नोकर ठेवावेत हेही दिलं आहे: वर्षाला १००० पौंड असतील तर स्वयंपाकीण, दोन मोलकरणी, मुलांची दाई आणि एक गडी, १५० ते २०० पौंडांत सगळी कामं करणारी एकच पोरगी. त्या एकटीवर सगळं घर चालत नसे हे उघड आहे. उरलेलं कोण करत होतं? घरधनीणच, दारं लावून, पाहुण्यांची वेळ होण्याआधी. बीटनबाई स्वतः नवऱ्याच्या प्रकाशनात त्याच्या बरोबरीने काम करत होत्या आणि १८६५ साली, बाळंतपणानंतर, २८ व्या वर्षी गेल्या. लोकांच्या मनात मात्र त्यांची प्रतिमा पोक्त, अनुभवी काकूंची.

श्रीमंत घरात दुखणं वेगळं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५२ च्या सुमारास लिहिलेल्या ‘कॅसँड्रा’ या निबंधात तळतळून म्हटलं आहे की, बाईचा वेळ हा कोणीही केव्हाही मागावा असा असतो, अर्धा तासही तिचा स्वतःचा नसतो. हा निबंध तिने हयातीत सर्वांसाठी छापला नाही.

१८६४ साली मँचेस्टरच्या व्याख्यानात जॉन रस्किन यांनी घर म्हणजे शांततेची जागा, बाहेरच्या जगाच्या ओरखड्यांपासूनचा आसरा, असं सुंदर भाषेत मांडलं. ते वाचताना ही शांतता कोण राखत होतं तेवढं आठवावं.

५. मुलींना शिकवत काय होते?

पियानो, गाणं, थोडं फ्रेंच, चित्रकला, भरतकाम, चालणं-बसणं. ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) जॉर्ज इलियट सांगते की, रोझमंड व्हिन्सी ही मिसेस लेमन यांच्या शाळेची सर्वांत उत्तम विद्यार्थिनी, आणि त्या शाळेत घोडागाडीत चढावं-उतरावं कसं हेही जादा विषय म्हणून शिकवत.

हे नुसतं मजेचं वाक्य म्हणून सोडू नका. पुढे डॉक्टर लिडगेट रोझमंडशी लग्न करतो, कारण ती त्याला हवी तशी लेडी आहे: मऊ, देखणी, वाद न घालणारी. त्याच्यावर कर्ज चढतं. रोझमंड भांडत नाही, आवाज चढवत नाही. त्याने ठरवलेलं गुपचूप फिरवून येते. राहतं घर भाड्याने द्यायचं त्याने सांगून ठेवलेलं असतं, ती जाऊन ते परस्पर रद्द करते. उघडपणे बोलायची सोय तिला कोणी शिकवलीच नव्हती, गोड राहून आपलंच खरं करायला तेवढं शिकवलं होतं. मला रोझमंडचा रागही येतो आणि दयाही. दोन्ही एकाच वेळी वाटायला लावणं फक्त इलियटला जमतं.

‘द मिल ऑन द फ्लॉस’मध्ये (१८६०) टॉमला जबरदस्तीने लॅटिन शिकवतात, ते हुशार मॅगीला हवं असतं, आणि गुरुजी म्हणतात की मुली चटपटीत असतात पण खोलवर जाऊ शकत नाहीत. मॅगीचा चेहरा पडतो. लंडनला क्वीन्स कॉलेज १८४८ साली निघालं, ते आधी गव्हर्नेसना, म्हणजे मालकाच्या घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या पगारी बायकांना, नीट शिकवता यावं म्हणून. त्यांच्याबद्दल पुढच्याच प्रश्नात.

६. गव्हर्नेस ही लेडी की नोकर?

याचं उत्तर त्या काळालाच देता येत नव्हतं. गव्हर्नेस लेडीच हवी, नाहीतर मुलींना लेडी करणार कशी? पण पगार घेते म्हणजे लेडी उरत नाही. नोकरांबरोबर ती जेवू शकत नसे आणि मालकांबरोबर तिला बसवत नसत.

‘जेन एअर’मध्ये (१८४७) जेनला थॉर्नफील्डला वर्षाचे ३० पौंड मिळतात, आधीच्या शाळेतल्या पगाराच्या दुप्पट. दिवाणखान्यात ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसलेली असताना ब्लँश इन्ग्रम आणि तिची आई गव्हर्नेस जातीबद्दल मोठ्याने वाटेल ते बोलतात. ती ऐकते आहे याचं त्यांना काहीच नाही.

या कादंबरीने लोक का हादरले, हे १८४८ सालच्या डिसेंबरात ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये आलेल्या परीक्षणातून कळतं. परीक्षण लिहिलं होतं एलिझाबेथ रिग्बी यांनी, निनावी. ‘जेन एअर’ आणि ‘व्हॅनिटी फेअर’ यांच्यासोबत गव्हर्नेसना मदत करणाऱ्या संस्थेचा अहवालही त्यांनी त्याच लेखात घेतला होता. जेनमध्ये त्यांना गर्व आणि असंतोष दिसला, आणि हे पुस्तक बाईने लिहिलं असेल तर ती चांगल्या बायकांच्या संगतीतून केव्हाच बाहेर पडलेली असणार, असंही त्यांनी सुचवलं. शार्लट ब्राँटीने पुस्तक ‘करर बेल’ या नावाने का छापलं, हा प्रश्नही मला बरेच जण विचारतात. उत्तर याच परीक्षणात आहे.

७. लेडीकडे स्वतःचे पैसे असायचे का? नवरा वाईट निघाला तर?

लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बाई वेगळी व्यक्ती उरत नसे. तिची कमाई, तिचं सामान नवऱ्याचं. १८७० च्या कायद्याने स्वतःची कमाई ठेवण्याचा हक्क आला, आणि १८८२ च्या कायद्याने खऱ्या अर्थाने स्वतःची मालमत्ता. १८५७ साली घटस्फोटाचं न्यायालय झालं, पण माप दोन होती: बायकोचा व्यभिचार एकटा पुरे, नवऱ्याच्या बाबतीत व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी दाखवावं लागे. मुलांचा ताबा बापाकडे. कॅरोलाइन नॉर्टन यांच्या झगड्यामुळे १८३९ साली आईला लहान मुलांसाठी अर्ज करायची वाट उघडली.

आता ॲन ब्राँटीची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ (१८४८) घ्या. गोष्ट १८२० च्या दशकातली, म्हणजे १८३९ च्याही आधीची. हेलनचा नवरा दारुडा, बाहेरख्याली, आणि लहानग्या मुलालाही दारू पाजायला लागलेला. हेलन चित्रं विकून पळून जायचं ठरवते. एका रात्री नवरा तिची डायरी हातातून ओढून घेऊन वाचतो. मग किल्ल्या मागतो. कपाटाच्या, मेजाच्या, खणांच्या, सगळ्या. तिचे रंग, कुंचले, पॅलेट शेकोटीत टाकतो, आणि तिने साठवलेले पैसे काढून घेतो. खर्चाचा हिशेबही यापुढे तिच्या हाती राहणार नाही असं सुनावतो. ज्या किल्ल्या ॲग्नेस आणि एस्थरच्या हाती मानाच्या वाटत होत्या (प्रश्न ३), त्या मुळात कोणाच्या होत्या ते या एका प्रसंगात कळतं. कायद्याने नवऱ्याचं काही चुकलेलं नव्हतं. हा प्रसंग मी कितीतरी वेळा वाचला आहे, आणि दर वेळी हात थंड पडतात.

हेलन तरीही मुलाला घेऊन निघून जाते, आणि पुढे नवरा मरणपंथाला लागल्यावर त्याची शुश्रूषा करायला परतही येते. पुष्कळ वाचकांना ही माघार वाटते. मला नाही वाटत. ती परतते ती स्वतःच्या अटींवर, आणि मुलाला त्याच्यासमोर आणण्याआधी ताब्याबद्दल लेखी घेते.

८. लग्न न झालेली आणि पैसे नसलेली बाई लेडी राहू शकत होती का?

राहू शकत होती, पण काय कसरत करून! १८५१ च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त भरल्या, आणि या ‘जादा’ बायकांचं करायचं काय यावर वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं चर्चा चालली. जणू गोदामात माल शिल्लक राहिला आहे.

एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘क्रॅनफर्ड’मधल्या (१८५१-५३) मिस मॅटी पाद्र्याची मुलगी, वय पन्नाशीच्या पुढे. ज्या बँकेत त्यांची पुंजी आहे ती डबघाईला आल्याची बातमी दुकानातच कळते. समोर एक शेतकरी त्याच बँकेची नोट घेऊन उभा आहे आणि दुकानदार ती घेत नाहीये. मिस मॅटी आपल्या नव्या रेशमी कपड्यासाठी आणलेल्या पाच सोन्याच्या मोहरा काढून त्याला देतात आणि ती नोट स्वतः घेतात. त्यांच्या मते बँकेत आपला हिस्सा, म्हणजे जबाबदारीही आपली.

पुढे पोटासाठी त्या चहा विकतात. चहाच का? तो चिकट नाही, तेलकट नाही, आणि मांडायला दुकानाची काच लागत नाही. परवान्याची पाटी असते, पण नव्या दाराच्या चौकटीखाली, कोणाला दिसणार नाही अशी लपवलेली. आणि धंदा सुरू करण्याआधी गावातल्या दुकानदाराकडे जाऊन विचारतात, माझ्यामुळे तुमचं नुकसान तर होणार नाही ना?

मला विचाराल तर सगळ्या व्हिक्टोरियन वाङ्मयात मिस मॅटीइतकी खरी लेडी दुसरी नाही.

९. डिकन्सच्या चांगल्या नायिका इतक्या कंटाळवाण्या का वाटतात?

कारण त्यांना काही हवंच नसतं. गोष्ट पुढे सरकते ती कोणाला तरी काहीतरी हवं असतं म्हणून. शार्लट ब्राँटीची शर्ली (१८४९) हे स्पष्ट बोलून दाखवते: पुरुषांच्या डोक्यातली चांगली बाई म्हणजे अर्धी बाहुली, अर्धी देवदूत, आणि वाईट बाई म्हणजे जवळपास राक्षसीण. थॅकरेनेही ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये (१८४७-४८) अमेलियाला सद्गुणी ठेवलं, पण सगळी जान बेकी शार्पमध्ये ओतली. बेकी म्हणते, वर्षाला ५००० पौंड असते तर मीही चांगली बाई झाले असते. प्रश्न १ चं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

एस्थरवर मात्र अन्याय करू नका. ती अनौरस आहे, आणि तू जन्मलीच नसतीस तर बरं, असं ऐकत वाढली आहे. तिची सेवाभावी वृत्ती म्हणजे प्रेम मिळवण्याची धडपड आहे. आजारात चेहऱ्यावर व्रण पडतात तेव्हा घरातले लोक तिच्या खोलीतले आरसे काढून टाकतात. ती काही विचारत नाही. पुढे दुसऱ्या गावी, एकटी असताना, केस मोकळे सोडून आरशासमोर उभी राहते, आणि ते केस बाजूला करते. आदर्श बाईच्या आत एवढं दुखरं माणूस बसवणं सोपं नाही.

१०. एकदा ‘पाऊल घसरलं’ की परतीची वाट होती का?

कादंबरीत बहुधा मरणाचीच. गॅस्केलच्या ‘रूथ’मध्ये (१८५३) फसवल्या गेलेल्या अनाथ शिवणकाम करणाऱ्या मुलीला लेखिका सन्मानाने जगू देते, तिच्या मुलाला वाढवू देते, तापाच्या साथीत गावाची सेवा करू देते, आणि शेवटी त्याच तापाने मारते. एवढं करूनही गॅस्केलच्या ओळखीतल्या दोघांनी ते पुस्तक जाळलं. एलेन वुडच्या ‘ईस्ट लिन’मध्ये (१८६१) लेडी इझाबेल घर सोडून परपुरुषाबरोबर जाते, मग अपघातात रूप बदलल्यावर निळा चष्मा लावून स्वतःच्याच घरी गव्हर्नेस म्हणून परतते. पोटचा मुलगा डोळ्यांदेखत मरतो. त्या काळात हे पुस्तक अफाट खपलं.

टॉमस हार्डीने १८९१ साली ‘टेस’ला ‘एक शुद्ध स्त्री’ असं उपशीर्षक दिलं, आणि वाद पेटला तो त्या उपशीर्षकावरूनच. मला रूथपेक्षा टेस जास्त पटते, कारण हार्डी तिच्याकडून प्रायश्चित्त मागत नाही.

११. या कादंबऱ्यांत शरीराबद्दल काहीच का येत नाही? सरकारची बंदी होती का?

सरकारपेक्षा वाचनालयांचा धाक मोठा. कादंबरी तीन खंडांत निघायची, किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे सामान्य घराला न परवडणारी. लोक ती चार्ल्स मुडी यांच्या वाचनालयातून आणायचे (सुरुवात १८४२), वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. मुडींनी पुस्तक घेतलं तर खप, नाकारलं तर लेखक संपला. दिवाणखान्यात मोठ्याने वाचताना कोवळ्या मुलीच्या गालावर लाली चढेल का, ही कसोटी. डिकन्सने ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये (१८६४-६५) मिस्टर पॉडस्नॅपच्या तोंडी हीच कसोटी घातली आहे. १८८५ साली जॉर्ज मूर यांनी या वाचनालयांविरुद्ध पुस्तिकाच काढली. तीन खंडांची पद्धत १८९४ नंतर मोडली.

मासिकांतही तेच. ‘टेस’मध्ये एंजल क्लेअर पाणी भरलेल्या रस्त्यातून चार गवळणींना एकेक करून उचलून पलीकडे नेतो. ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात छापताना हार्डीला तिथे ढकलगाडी घालावी लागली, मुलींना तिच्यात बसवून न्यायला. पुस्तक निघाल्यावर त्याने ढकलगाडी काढून टाकली.

१२. लाज वाटते म्हणून पियानोच्या पायांनाही कपडे घालत, हे खरं का?

नाही. ही गोष्ट कॅप्टन मॅरियट यांच्या १८३९ सालच्या अमेरिका-प्रवासवर्णनातली, तिथल्या एका मुलींच्या शाळेबद्दलची. इंग्लंडमध्ये ती अमेरिकनांची गंमत म्हणून सांगत. पुढे उलटून इंग्रजांनाच चिकटली.

१३. सगळ्या खुणा बरोबर असून बाई खोटी निघाली तर?

मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांनी १८६२ साली ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’मध्ये नेमकं हेच केलं. लेडी ऑडली: सोनेरी कुरळे केस, निळे डोळे, गोड आवाज, गावातल्या गरिबांची लाडकी. पहिला नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केलेली, आणि तो समोर आल्यावर त्याला विहिरीत ढकलणारी. वाचक हादरले ते खुनाच्या प्रयत्नाने नाही. लेडीपण जर इतकं हुबेहूब वठवता येतं, तर आपल्या घरातल्या लेडीची खात्री काय, ही भीती होती. शेवटी तिला वेडी ठरवून बेल्जियममधल्या आश्रमात कोंडतात. डॉक्टर आधी सांगतो की ही वेडी नाही. मग खुनाची गोष्ट कानावर गेल्यावर मत बदलतो.

विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’मध्ये (१८५९-६०) उलटी बाजू आहे. लॉरा फेअरली ही खरीखुरी परिपूर्ण लेडी. तिच्या वीस हजार पौंडांसाठी नवरा तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या बाईशी तिची अदलाबदल करतो, तिला वेड्यांच्या आश्रमात टाकतो, आणि सख्खा काकासुद्धा तिला ओळखत नाही. इतकी नम्र, इतकी फिकट, की ओळख पटवायला स्वतःची अशी खूणच उरलेली नाही. तिला सोडवते ती सावत्र बहीण मेरियन, जिच्या वरच्या ओठावर मिशीची रेघ आहे. कट ऐकण्यासाठी मेरियन रेशमी झगा आणि घोळदार परकर उतरवते, साधा काळा परकर घालून, डगला पांघरून पावसात छपरावर सरपटत जाते. त्या कपड्यांत लेडीला काय काय करता येत नव्हतं, ते या एका पानावर कळतं.

१४. गरीब घरची मुलगी लेडी होऊ शकत होती का? तिला हा आदर्श लागू होता का?

लागू होता, मिळत नव्हता. गॅस्केलच्याच ‘नॉर्थ अँड साउथ’मधली मार्गारेट हेल घरचे कपडे इस्त्री करताना म्हणते की फरशी घासली, भांडी धुतली तरी मी जन्माने लेडीच. तिला हे म्हणता येतं. तिची मैत्रीण बेसी हिगिन्स कापसाच्या गिरणीत फुप्फुसात तंतू जाऊन मरते, तिला कोणी लेडी म्हणत नाही.

पण एक अपवाद सांगायलाच हवा. ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये लिझी हेक्सम ही टेम्स नदीतून प्रेतं काढणाऱ्या माणसाची मुलगी. होडी वल्हवत वाढलेली. मारेकऱ्याने नदीत टाकलेल्या युजीन रेबर्नला ती त्याच वल्हवण्याच्या ताकदीवर बाहेर काढते. पुढे तो तिच्याशी लग्न करतो. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात प्रतिष्ठित मंडळी जेवायला बसून यावर खल करतात: होडीवाली पोर, तिला काही रक्कम देऊन मोकळं व्हायला हवं होतं. सगळे बोलतात. मग आतापर्यंत कधीच ठामपणे न बोललेले, वृद्ध, भित्रे मिस्टर ट्वेमलो तोंड उघडतात. त्या माणसाने कृतज्ञतेने, आदराने, प्रेमाने या लेडीशी लग्न केलं असेल, असं ते सुरू करतात. ‘या लेडीशी’ हा शब्द टेबलावर कोणाला तरी टोचतो, तर ते तोच शब्द पुन्हा वापरतात. हात थरथरत असावेत, पण शब्द मागे घेत नाहीत.

१५. याचा आपल्याकडच्या लेखनाशी काही संबंध आहे का?

सरळ नक्कल दाखवता येणार नाही, आणि ओढूनताणून जोडू नये. पण धागे आहेत. पंडिता रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे स्त्रियांच्या वागणुकीवरचं पुस्तक १८८२ साली लिहिलं. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. प्रमुख होत्या डॉरोथिया बील. त्या कॉलेजात मुलींना गणितही शिकवत, म्हणजे मिसेस लेमनच्या शाळेपासून (प्रश्न ५) बरंच पुढे.

१८८२ हेच ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’चंही साल. बायकांवर ठेवलेले दोष पुरुषांतही आहेत, मग माप वेगळं का, हा त्यांचा सवाल. घटस्फोटाच्या इंग्रजी कायद्यातली दोन मापं (प्रश्न ७) तेव्हा अजून जागच्या जागी होती. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमू आपली कहाणी स्वतः सांगते. एस्थर आणि जेन वाचून झाल्यावर यमू पुन्हा वाचा, तिचा आवाज वेगळाच ऐकू येईल.

१६. सुरुवात कुठून करू? पुस्तकं फार जाड आहेत.

‘क्रॅनफर्ड’पासून. पातळ आहे, हसवते, रडवते. मग ‘जेन एअर’. रात्र जागवणारं काही हवं असेल तर ‘द वुमन इन व्हाइट’. ‘टेनंट’मधला किल्ल्यांचा प्रसंग चाळिसाव्या प्रकरणात आहे, पण तिथे थेट उडी मारू नका, हेलनचं लग्न आधी वाचा. ‘ब्लीक हाउस’ पहिल्या शंभर पानांत धुक्यासारखी वाटते; एस्थरच्या हातात किल्ल्या येईपर्यंत धीर धरा. ‘मिडलमार्च’ सगळ्यात शेवटी, सावकाश, दिवसाला एक प्रकरण. गाडीत चढण्या-उतरण्याच्या त्या जादा विषयाचं वाक्य अकराव्या प्रकरणात सापडेल.